मायना आणि मोर्तब : पूर्वलिखित क्षमायाचनेचा प्रश्न

ॲमेझॉन कंपनीच्या 'अलेक्सा' या व्हॉइस असिस्टंटसाठी एखादी नवी आज्ञावली लिहावयाची झाल्यास प्रोग्रामर कोऱ्या कागदापासून आरंभ करीत नाही. २०१५ साली कंपनीने बाहेरच्या प्रोग्रामरांना हे दार उघडून दिले आणि पुढे त्यांच्या हाती तयार साचेही ठेवले. साचा मागविला की काही क्षणांत एक प्रकल्प उभा राहतो. त्याच्या एका कप्प्यात संभाषणाचा आराखडा असतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या संभाव्य हेतूंची यादी आणि प्रत्येक हेतूखाली तो व्यक्त करणारी नमुन्याची वाक्ये. दुसऱ्या कप्प्यात त्या हेतूंना उत्तर देणारी आज्ञावली असते. सर्वांत साध्या साच्यातील स्वतंत्र म्हणावा असा हेतू एकच, नमस्काराचा. कोणी नमस्कार केला की उलट नमस्कार करावयाचा, एवढेच या प्रकल्पाचे जन्मजात कर्तृत्व. तो हवामान सांगणार आहे, गाडीचे वेळापत्रक वाचणार आहे की औषधाची आठवण करून देणार आहे, हे अद्याप ठरावयाचे असते. क्षमा कशी मागावयाची हे मात्र त्याला आधीच ठाऊक असते, आणि तेही दोन प्रकारे. सांगितलेले वाक्य यादीतील कोणत्याच हेतूशी जुळले नाही तर त्याविषयी आपल्याला माहिती नसल्याचे सांगून क्षमा मागणारे एक वाक्य साच्यात आहे. आज्ञावली चालताना कोठेही काही बिघडले तर सांगितलेले काम करताना अडचण आली म्हणून क्षमा मागणारे दुसरे वाक्य आहे. दोन्ही वाक्यांच्या शेवटी एकच विनंती येते : कृपया पुन्हा प्रयत्न करा.

काम ठरण्यापूर्वी काम न झाल्याची क्षमा लिहिलेली असणे, हा क्रम चमत्कारिक खरा. पण चमत्कारिक आहे म्हणून तो अनैतिक ठरत नाही. प्रश्न वेगळा आहे. अपराध घडण्यापूर्वी, तो कोणता असेल हे माहीत नसताना, ज्याने तो केला नाही अशा माणसाने लिहून ठेवलेली आणि तिसऱ्यानेच न वाचता नकलून घेतलेली क्षमायाचना ही क्षमायाचना होय काय? नसल्यास ती ऐकणाऱ्याचे त्यात काही नुकसान होते काय? भाषेच्या तत्त्वज्ञानातील जुन्याच वादाची ही नवी बाजू असली, तरी ती केवळ वादाची बाब राहिलेली नाही. हे वाक्य प्रत्यक्ष घराघरांत ऐकू येते.

दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे बिघाडाच्या वाक्याकडे, थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. साच्यातील जो भाग ते उच्चारतो तो सर्व प्रकारचे दोष एकाच जाळ्यात धरतो. प्रोग्रामरने एखादे नाव चुकीचे लिहिले असेल, आराखड्यात एखादा हेतू नोंदवून त्याला उत्तर देणारा भाग लिहावयाचा राहिला असेल, दूरच्या यंत्राकडून यावयाची माहिती आली नसेल. कारण काहीही असो, उद्गार एकच. यांपैकी शेवटच्या प्रकारात पुन्हा प्रयत्न केल्यास काम होण्याचा संभव असतो. पहिल्या दोहोंत तो मुळीच नसतो. जो भाग लिहिलेलाच नाही तो दहा वेळा विचारल्याने लिहिला जात नाही. म्हणजे या प्रसंगी क्षमेच्या पोटात एक असत्य सल्ला दडलेला आहे : ज्याच्याकडून चूक झालेली नाही त्याने श्रम करावेत, आणि ते श्रम व्यर्थ जाणार आहेत हे त्याला सांगितले जाऊ नये.

याहून लक्षणीय गोष्ट त्याच्याच वरच्या ओळीत आहे. ऐकणाऱ्याला क्षमेचे वाक्य सांगण्यापूर्वी साच्याचा हाच भाग झालेला बिघाड नोंदवहीत, प्रोग्रामरांच्या भाषेत 'लॉग'मध्ये, उतरवून ठेवतो. ती नोंद निःसंदिग्ध असते. दोषाचे स्वरूप तिच्यात असते, पुष्कळदा स्थळही असते. एकाच घटनेविषयी एकाच क्षणी दोन विधाने केली जातात. ज्याचे काम अडले त्याला 'अडचण आली' असे मोघम सांगितले जाते, आणि जो त्या वेळी तेथे हजर नाही त्याच्यासाठी सत्य लिहून ठेवले जाते. बाख्तीनने प्रत्येक उक्ती कोणाला तरी उद्देशून असते आणि त्या श्रोत्याच्या अपेक्षेने घडत जाते असे म्हटले. येथे श्रोते दोन आहेत आणि सत्याची वाटणी त्यांच्यात सारखी झालेली नाही. अर्थात सामान्य माणसाच्या कानावर आज्ञावलीतील दोषाचा तांत्रिक तपशील ओतावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु तपशील वगळणे निराळे आणि दोष कोणाकडे आहे हे झाकणे निराळे.

जे. एल. ऑस्टिनने १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत (ती १९६२ साली ग्रंथरूपाने आली) क्षमायाचनेचा समावेश कृतिरूप उक्तींच्या एका वर्गात केला. क्षमा मागणे हे वर्णन नव्हे, ती कृतीच आहे. म्हणून ती खरी की खोटी असे न विचारता ती साधली की बिघडली असे विचारावयाचे. मनात खेद नसताना मागितलेली क्षमा ऑस्टिनच्या मते शून्यवत् ठरत नाही. ती घडते, पण तिचा दुरुपयोग झालेला असतो. यंत्राच्या मनात खेद नाही एवढ्यावरून येथे निर्णय देणे मोहक आहे, पण ते फार सोपे आहे. खेद यंत्राला वाटावा अशी अपेक्षा कोणीच केलेली नाही. तो कोणाला तरी वाटला पाहिजे होता, हा मुद्दा आहे. उक्ती तिच्या उगमाशी कशी बांधली जाते याचेही उत्तर ऑस्टिनने दिले होते : बोलण्यात ती उच्चारणाऱ्याच्या उपस्थितीने बांधली जाते, लेखनात स्वाक्षरीने.

देरिदाने १९७१ च्या माँट्रियल येथील निबंधात बोट ठेवले ते नेमके याच जागी. स्वाक्षरी जर पुन्हा पुन्हा करता येत नसेल तर ती स्वाक्षरीच नव्हे, आणि पुन्हा करता येत असेल तर ती मूळ क्षणापासून सुटलेली असते. हीच गोष्ट क्षमेच्या शब्दांची. 'क्षमा करा' हे शब्द कोणीही स्वतः घडविलेले नसतात; ते हजारोंच्या तोंडून वापरून गुळगुळीत झालेले असतात म्हणूनच क्षमा म्हणून ओळखता येतात. हा युक्तिवाद मान्य केला म्हणजे साच्याविरुद्धचा सर्वांत ढोबळ आक्षेप गळून पडतो. वाक्य उसने आहे, आधी लिहिलेले आहे, अनेकांनी वापरलेले आहे, या कारणांनी ते सदोष ठरविता येत नाही. साच्याशिवाय सौजन्य नाही.

मराठी वाचकाला हे देरिदाकडून शिकण्याचे कारण नाही. पत्राचा मायना हा याच जातीचा साचा आहे. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या 'मेस्तका'पासून दरबारी लेखनाची जी परंपरा मराठीत दिसते तिचा मोठा भाग कोणाला कोणत्या पदव्यांनी संबोधावे, आशीर्वाद लिहावा की दंडवत, विनंती लिहावी की आज्ञा, या पूर्वनियोजित शब्दांचाच आहे. मायना लिहिणारा कारकून वेगळा आणि पत्र पाठविणारा धनी वेगळा. 'सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्याने साष्टांग नमस्कार घातलेला नसतो, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक असे. तरीही ते पत्र खोटे ठरत नसे, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला मोर्तब असे. शिवकालीन राजपत्राच्या आरंभी मुद्रा आणि अखेरीस मर्यादेची मोर्तब येते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडील तर ते आमचे नव्हे, आणि येथपर्यंत जे आहे ते मात्र आमचेच, असा तिचा दुहेरी अर्थ. कारकुनाच्या हातचे, मेस्तकातून उचललेले, शतकाची धूळ बसलेले शब्द त्या शिक्क्यासरशी कोणाच्या तरी अंगावर येत. त्या शब्दांबद्दल जाब विचारावयाचा तर कोणाला, हे कळत असे.

प्रकल्पाच्या साच्यात मायना आहे, मोर्तब नाही. तेथील वाक्य उच्चारले जाते, पण उच्चारणारा तेथे कोणी नाही. ते लिहिलेले आहे, पण त्याखाली स्वाक्षरी नाही. ऑस्टिनने सांगितलेले दोन्ही दोर एकाच वेळी सुटले आहेत. साचा तयार करणारा अभियंता म्हणेल की ते केवळ उदाहरणादाखल लिहिले होते. प्रोग्रामर म्हणेल की ते साच्यातच होते. कंपनी म्हणेल की आज्ञावली त्रयस्थाची आहे. तिघांचेही म्हणणे खरे आहे, आणि अडचण तीच आहे. यांपैकी जबाबदारी कोणाची हे ठरवावयाचेच असेल तर ती प्रोग्रामरकडे जाते, कारण वाक्य बदलण्याची किंवा तसेच ठेवण्याची सत्ता त्याच्या हाती होती आणि त्याने आपली आज्ञावली लोकांच्या हाती दिली. न बदललेले वाक्य हेही त्याचेच वाक्य होय. कारकुनाने मायना नकलला म्हणून धनी मोकळा होत नसे.

यावर एक आक्षेप संभवतो. माणसाला गाडीची वेळ हवी आहे; यंत्राच्या सौजन्याची एवढी चिकित्सा कशाला? मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात कार्यक्रम मध्येच बंद पडला की पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी येई. तीही आधी लिहिलेली, तीही बिघाडाचे कारण न सांगणारी. तिच्यामुळे कोणाची फसवणूक झाली असे कोणाला वाटले नाही. आक्षेप वजनदार आहे, पण उदाहरण त्याच्या विरुद्ध जाते. त्या पाटीला 'मी' नव्हता. ती पाटी होती आणि पाटीसारखी वागत होती. ती कोणाची हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते आणि तक्रारीचे पत्र कोठे पाठवावयाचे हेही. शिवाय तिने प्रेक्षकाला पुन्हा प्रयत्न करण्यास कधी सांगितले नाही. व्यत्यय तिकडचा आहे हे तिच्या एका शब्दात स्पष्ट होते. व्हॉइस असिस्टंटचे वाक्य प्रथमपुरुषी आहे. मायक्रॉफ्ट या मुक्तस्रोत ध्वनिसहायकासाठी लिहिलेल्या प्रकल्पांत तर एकाच उत्तराची अनेक शब्दरूपे एका फायलीत ओळीने लिहिण्याची सोय होती, आणि दर वेळी त्यांतील एक यदृच्छेने निवडले जाई. हेतू सरळ होता, ऐकणारा कंटाळू नये. पण ज्याने क्षमेच्या पाच ओळी लिहून ठेवल्या त्याने पाच वेळा क्षमा मागावी लागेल हे गृहीत धरले होते, आणि ती ठोकळेबाज वाटू नये याची तजवीजही केली होती.

'मी' म्हणणाऱ्या आवाजापुढे माणूस दोष स्वतःकडे घेऊ लागतो, ही या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू. तिचा इतिहास साच्याइतकाच जुना आहे. जोसेफ वायझेनबॉमने १९६६ साली एम.आय.टी.मध्ये सिद्ध केलेल्या 'एलायझा' या आज्ञावलीत संभाषण चालविणारे यंत्र आणि संभाषणाची संहिता वेगळी ठेवलेली होती. संहिता बदलली की तेच यंत्र निराळे बोलू शके. आजच्या प्रकल्प-साच्याचे बीज या विभागणीत आहे. मानसोपचारकाचे सोंग घेणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध संहितेत क्षमेला जागा होती, परंतु उलट बाजूने. समोरच्या माणसाने क्षमा मागितली तर यंत्राने ती अनावश्यक असल्याचे सांगावे अशी उत्तरे तिच्यात लिहिलेली होती. समजले नाही तर एलायझा क्षमा मागत नसे, पुढे बोला म्हणत असे. क्षमा माणूसच मागेल हे त्या संहितेने ओळखले होते.

एलायझा हे नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुले विकणाऱ्या मुलीचे. मराठीत ती १९७५ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त मंजुळा होऊन आली. प्राध्यापकाला हवी तशी भाषा मंजुळेच्या तोंडी बसेपर्यंत तिची स्वतःची भाषा दोष मानली जाते, आणि नाटकाचा सगळा राग त्या गृहीतातून उसळतो. वायझेनबॉमने नाव ठेवले ते यंत्राला. शिकविली जाणारी मुलगी म्हणजे यंत्र, असे त्याला म्हणावयाचे होते. प्रत्यक्षात पुढे भूमिका उलटल्या. असिस्टंटने 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटल्यावर माणूस काय करतो? सावकाश बोलतो, मोठ्याने बोलतो, आपल्या बोलीतील सूर काढून टाकतो, साच्यातल्या नमुना-वाक्याच्या जवळ सरकतो. तालीम आता त्याची चालली आहे. ही तालीम सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आय.बी.एम. आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या उच्चार-ओळख यंत्रणांची अमेरिकेत झालेली तपासणी २०२० साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत गौरवर्णीयांच्या बोलण्यातील शंभर शब्दांमागे सरासरी एकोणीस चुका होत होत्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात पस्तीस. ऐकण्यातली चूक जितकी अधिक तितका हेतू न जुळण्याचा संभव अधिक, आणि तितकीच ती क्षमाही अधिक वेळा कानी पडणार. सर्वांसाठी एकच म्हणून लिहिलेले वाक्य अशा रीतीने काहींच्या पदरी जास्त पडते. ज्यांना आयुष्यभर 'नीट बोल' असे ऐकवले गेले त्यांना तीच सूचना आता नम्र आवाजात ऐकू येते.

साच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की याच साच्यात मदत मागण्याचा, थांबविण्याचा आणि रद्द करण्याचा हेतू आधीपासून असतो, आणि अलेक्साची आज्ञावली मंजूर होण्यासाठी ते असणे कंपनीने आवश्यक ठरविले होते. समोरच्याला निघून जावेसे वाटेल ही शक्यता प्रोग्रामरला त्यामुळे टाळता येत नाही. कित्येक मानवी संस्थांच्या दारांवर एवढीही सोय नसते. साचा हा नीतीचा शत्रू नव्हे; काही कर्तव्ये तो विसरू देत नाही. जे कर्तव्य तो परस्पर पार पाडून टाकतो तेथे मात्र धोका संभवतो, कारण रिकामी जागा असती तर प्रोग्रामरला थांबून विचार करावा लागला असता. बिघाडाच्या वाक्याच्या जागी साच्याने काहीच लिहिले नसते तर प्रत्येक प्रोग्रामरला स्वतःला विचारावे लागले असते की आपली चूक झाली तर आपण काय म्हणू.

मोर्तबाच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू या प्रकल्पात कोणती असेल तर ती ती नोंदवही. ती कोणी उघडून वाचत असेल, वाचून दुरुस्ती करत असेल, तर घरात उच्चारलेल्या त्या मोघम वाक्यामागे उशिराने का होईना एक माणूस उभा राहतो. उधारीवर घेतलेली क्षमा तो फेडतो, असे म्हणता येईल. नोंदवही कोणी वाचत नसेल तर मात्र ते वाक्य शेवटपर्यंत अनाथच राहते. आणि कर्त्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या आज्ञावल्या, जोवर आधाराची यंत्रणा चालू आहे तोवर, क्षमा मागतच राहतात. गूगलने आपल्या असिस्टंटसाठी त्रयस्थांनी रचलेली संभाषणे १३ जून २०२३ रोजी बंद केली, तेव्हा त्या संभाषणांतील क्षमेची वाक्येही मुकी झाली. त्यांपैकी किती वाक्यांमागे कोणी उरला होता, हे त्या वाक्यांवरून सांगता आले नसते.

२०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने निर्मितिक्षम भाषाप्रारूपांवर चालणारा नवा अलेक्सा जाहीर केला. अशा प्रारूपांत क्षमेचे वाक्य कोणी आधी लिहून ठेवावे लागत नाही. प्रसंग पाहून ते जागच्या जागी जुळविले जाते. त्यामुळे पूर्वलिखिततेचा आक्षेप गळतो, अनाथपणाचा मात्र वाढतो. साच्यातील वाक्याविषयी निदान 'हे का ठेवले?' असे एका माणसाला विचारता येत होते.

राहिला मराठीचा प्रश्न. गूगलच्या असिस्टंटमध्ये मराठी २०१८ साली आली. अलेक्साला हिंदी २०१९ साली मिळाली. एका भाषेचा साचा दुसऱ्या भाषेत नेताना वाक्ये एका तक्त्यात मांडून अनुवादकाकडे दिली जातात. इंग्रजी वाक्यातील 'मी'ला लिंग नाही. हिंदीत किंवा मराठीत तो 'मी' कर्ता झाला की 'शकलो' किंवा 'शकले' यांपैकी एक निवडावेच लागते, आणि आवाज स्त्रीचा असल्यामुळे क्षमा मागणारी बहुधा स्त्री ठरते. व्हॉइस असिस्टंटच्या स्त्रीरूप आर्जवीपणावर युनेस्कोने २०१९ च्या अहवालात जी टीका केली ती अशा ठिकाणी व्याकरणाचाच भाग होऊन बसते. मराठीपुरती यातून एक वाट आहे : 'आपण सांगितलेले मला करता आले नाही.' येथे क्रियापद कर्त्याच्या लिंगातून सुटते. पण त्याबरोबर कर्तेपणातूनही सुटते; काम न होणे ही कोणाची कृती न राहता कोणावर तरी आलेला प्रसंग होतो. मूळ वाक्यातील 'अडचण आली' ही पळवाट मराठीच्या चतुर्थीने अधिकच ऐसपैस होते. 'माझी चूक झाली' असे लिहिल्यास चूक हा शब्द निदान ठसठशीतपणे येतो. मात्र 'माझी' म्हणजे कोणाची, हा तिढा तेथेही सुटत नाही. 'ही चूक या आज्ञावलीतील आहे. पुन्हा सांगून उपयोग होणार नाही' असे एखाद्या अनुवादकाने त्या रकान्यात लिहिले तर ते वाक्य घडलेल्या गोष्टीला मूळ वाक्यापेक्षा अधिक धरून राहील. तपासनीस मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून पाहील, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे शब्द गळले आहेत अशी खूण करील, आणि ती ओळ दुरुस्तीसाठी परत पाठवील.